मारवेना

डंडीत, टे नदीच्या काठी, जुन्या ताग-गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी राक्षसांना मारायला शिकवते.

मारायला म्हणजे, आधी श्वास घ्यायला.
खांदा मागे, अठरा फ्रेम थांब,
मग कुऱ्हाड.
न सांगता वार करायचा नाही.
एक जण मारत असेल तर बाकीच्यांनी
घुटमळायचं, दात विचकायचे, पाळीची वाट बघायची.
आणि पाठीमागून कधीच नाही:
जो कॅमेऱ्यात नाही तो हात उगारत नाही.
एवढी सभ्यता मला रात्रीच्या शेवटच्या बसमध्येही
भेटलेली नाही.

बाकी जग मोकळं.
जाहिरातीत तसंच लिहिलंय: दिसेल त्या डोंगरावर चढा.
चढता येतं. शेवटच्या कड्यापाशी
मीच एक न दिसणारी भिंत लावली आहे;
तिथे खेळाडू जागच्या जागी चालत राहतो,
जशी मी चालले पहिली दोन वर्षं,
व्हिसाच्या पत्राची वाट बघत.

पुलावरच्याचं नाव फाइलमध्ये ब्रिज-चार.
मनात, आठल्ये सर.
कराडला, सातवीत, व्याकरणाच्या तासाला
ते छडीआधी असाच खांदा मागे घ्यायचे.
मी तो मोजून घेतला आहे.

गुरुवारी चाचणीला माणसं येतात, पिझ्झ्याच्या बोलीवर.
या वेळी विल्मा ऑकटरलोनी आल्या. वय एकाहत्तर.
शाळेसमोर हातात गोल पाटी धरून
एकतीस वर्षं त्यांनी ट्रक थांबवले.
तलवार त्या वीस मिनिटांत शिकल्या. बाजूला उडी, वार, पुन्हा उडी,
आणि ब्रिज-चार गुडघ्यावर आला.
त्याच्या डोक्यावर बटणाची खूण लुकलुकू लागली:
शेवटचा घाव.

त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.
'दमलाय गं तो,' म्हणाल्या, त्यांच्या इंग्रजीत.

मग त्या पुलाखाली उतरल्या. नदी. भिंत.
कड्यावरून गेल्या. भिंत.
परत येऊन त्याच्यापुढे पिशवीतला पाव टाकला.
पाव त्याच्या पायातून आरपार जमिनीत गेला.
तो श्वास घेत होता,
मीच दिलेला, चार सेकंदांचा,
पुन्हा पुन्हा तोच.
'ह्याला असाच सोडून पुढे जायचं बटण कुठलं?'

खेळाडूने राक्षसाला मारले. प्रयोग ओळखा.
भावे, सर.
का?
क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, सर, कर्माकडेही नाही.
मग मारलं कुणी, असं मी विचारलं होतं,
आणि खांदा मागे गेला होता.

पुलावर आमचं सगळं काम याच एका वाक्यात होतं.
दुसरं वाक्य माझ्या भाषेत मला येत होतं,
लहानपणापासून, झुरळ दिसलं तरी:
तिच्यानं मारवेना.
कॅलमला ते सांगायला मला इंग्रजीची चार वाक्यं लागली,
चौथं चुकलं.
नकार नाही, म्हटलं, भीती नाही, दयासुद्धा नाही नक्की.
हातच तिथपर्यंत जात नाही.
तो म्हणाला, 'खर्च किती?'
म्हटलं, एक दार.
म्हणाला, 'मार्चनंतर बघू.'

रात्री गिरणीत मी आणि हीटर.
खिडकीबाहेर समुद्रावरून आलेलं धुकं,
नदीवरचा खरा पूल अर्धाच शिल्लक.
मी एक ओळ लिहिली:
नऊ मिनिटं काहीच दाबलं नाही, तर ऊठ.

मग स्वतः खेळले. त्याला गुडघ्यावर आणलं.
हात खाली ठेवले.
सातव्या मिनिटाला अंगठा आपोआप बटणाकडे गेला;
मी तो दुसऱ्या हाताने धरला.
नवव्याला ब्रिज-चार उठला,
खांदा मागे घेतला, सवयीने,
मी अठरापर्यंत मोजलं,
आणि तो बाजूला झाला.

पुढे मी गेले नाही.
पुलापलीकडचं अजून कुणी बनवलेलंच नव्हतं.